नाव सोडून बाकी सगळं

मथुरेने खडू उचलला आणि 'अ‍ॅडव्हायसेस' या शब्दाच्या टोकावर आडवी रेघ मारली. रेघ जरा जोरातच बसली. खडूचं टोक मोडून उडालं आणि शेजारी बसलेल्या मुख्य बाईंच्या, गोदूबाईंच्या, लुगड्यावर पांढरा ठिपका ठेवून गेलं.

"शेपूट तोडलं," मथुरा म्हणाली, आणि आपण परीक्षेला उभ्या आहोत हे आठवून तिने जीभ चावली.

"आणखी?" मिस कोतवालांनी विचारलं.

"शेपूट गेल्यावर 'मेनी' पण राहत नाही. तिथे 'मच' हवं. उपदेश मोजत नाहीत, बाई. तो मापाने असतो."

मिस कोतवाल हसल्या नाहीत. पण पेन्सिलीने त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली ती जरा लांबलचक केली. मुंबईहून खास या कामासाठी आलेल्या त्या पारशी बाई. किनारीची साडी, नाकावर चष्मा आणि स्वभावाने कोरड्या. उठून त्यांनी फळ्यावर आणखी एक वाक्य लिहिलं: द स्टीमर इज अराइव्ह्ड. त्या खुर्चीवर टेकायच्या आत मथुरेने 'इज' पुसून 'हॅज' लिहिलं होतं. पुढचं आलं: माय टीचर लर्न्ड मी इंग्लिश. शिकणारी मी, शिकवणारे मास्तर. मग 'लर्न्ड' मास्तरांच्या वाट्याला कसं जाईल? खोडलं. 'टॉट' लिहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दूर्वांची जुडी बांधताना चुकून आलेलं साधं गवताचं पातं जसं डोळ्यांआधी बोटांना कळतं, तसं तिला होत होतं. वाक्य पुरं वाचून व्हायच्या आत त्यातलं परकं पातं हाताला लागत होतं. आणखी वाक्यं द्या, असं तोंडावर येत होतं.

रत्नागिरीतल्या या मुलींच्या शाळेत जूनपासून इंग्रजीचा वर्ग काढायचा घाट गोदूबाईंनी घातला होता. अट एकच होती: शिकवायला बाईमाणूस हवं. यंदा बाई मिळाली नाही तर वर्ग पुढच्या सालावर जाणार, आणि चौथी झालेल्या मुली तोवर आपापल्या सासरी. मथुरेचे वडील आप्पा पालीला मास्तर होते. मुलगा नव्हता म्हणून सगळं इंग्रजी त्यांनी हिच्याच पदरात ओतलेलं. लग्न होऊन झाडगावात आल्यापासून ते इंग्रजी ट्रंकेतल्या पैठणीसारखं घडी घालून पडलं होतं. आज ते अंगावर चढलं होतं आणि तिला आरशात बघावंसं वाटत होतं.

दाराशी चटईवर तिच्या सासूबाई, यमुनाबाई, कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. सुनेने परक्या माणसांपुढे एकटीने जाऊ नये म्हणून त्या सोबत आल्या होत्या. सुनेने शिकवावं की नाही, यावर त्यांनी घरात हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांचा लक्ष वातींचा नेम चालला होता; रोजच्या वाती झाल्याखेरीज त्या तोंडात पाणी घालत नसत. बोटं मांडीवर सरसर फिरत होती आणि ओठ नामात हलत होते.

"छान," मिस कोतवाल म्हणाल्या. "फळा पुरे झाला. आता हा पुस्तक. आधी वाक्य जसा छापला आहे तसा मोठ्याने वाचायचा. मग चूक सांगायची. मग बरोबर करून पुन्हा वाचायचा. वर्गात असंच शिकवायचं आहे."

त्यांच्या मराठीतल्या चुकाही मथुरेच्या हाताला लागत होत्या; पण त्या खोडायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने पुस्तक घेतलं, उघडलं, आणि तिची नजर पहिल्याच शब्दावर अडली.

रामा इज मोअर टॉलर दॅन शिवा.

तिने खालचं वाक्य पाहिलं. रामा. त्याखालचं. रामा. पान उलटलं. एखादा गोविंद, एखादी गंगा. पण बाकी पानभर तोच हुंदडत होता. आंबे खात होता, शाळेला उशीर करत होता, मामाच्या गावाला जात होता.

पालीला असताना हे नाव तिच्या तोंडी सतरांदा येई. मग लग्न झालं आणि ते तोंडातून गेलं. मुंबईला गोदीच्या कचेरीत असलेल्या तिच्या नवऱ्याचं नाव रामचंद्र. पोथी वाचतानाही ते आलं की ती 'रघुनाथ' म्हणून पुढे सरके. जप करायचा तो श्रीहरीचा. नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य उणं होतं, हे तिला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. चूल पेटवणं जसं आलं तसं आलं होतं. आणि ते तर शिमग्याला यायचे होते, आगबोटीने, समुद्रावरून.

तिने नावाच्या जागी 'ही' घालून वाक्य वाचलं. 'मोअर' खोडून पुन्हा वाचलं.

"मोअर बरोबर काढला," मिस कोतवाल म्हणाल्या. "पण 'ही' कुठून आला? तिथे नाव आहे. जे बरोबर आहे ते बदलला, तर ती पण चूकच. दुसरा वाचा."

मथुरेने दुसरं वाचलं. पुन्हा 'ही'. पेन्सिलीने कागदावर फुली काढली. तिसरं वाचलं, आणि तिसरी फुली.

"बाई," गोदूबाई खाली वाकून हळूच म्हणाल्या, "ते नाव तिला घेता येत नाही. तिच्या घरच्यांचं आहे."

मिस कोतवालांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या. रागावत्या तर बरं, असं मथुरेला वाटलं.

"मी समजते," त्या म्हणाल्या. "पण जूनमध्ये काय करणार? हाच पुस्तक आहे. मी नाही निवडला. वर्गात सगळीकडे 'ही, ही, ही' वाचणार? मुलींना वाटेल, इंग्रज लोक मुलांना नावंच ठेवत नाहीत." मग जरा थांबून, "लग्नात तर तुम्ही नाव घेता ना? मी ऐकला आहे."

"ते उखाण्यात, बाई."

"मग करा इंग्रजीत उखाणा. दुपारपर्यंत मला वेळ आहे."

गोदूबाईंना हसू आलं. मथुरेला आलं नाही. मिस कोतवाल कागदावरच्या फुल्यांकडे बघत पुढे म्हणाल्या, "इंग्रजी पक्का आहे तुमचा. पण वाचता येत नाही त्या बाईला वाचायला शिकवायला ठेवली, असा मी कसा लिहू? एकदा प्रयत्न करा. नाही झाला, तर वर्ग पुढच्या वर्षी."

मथुरेने पुस्तक दोन्ही हातांत घट्ट धरलं. एकच शब्द. पालीच्या ओटीवर हजारदा म्हटलेला. ओठ उघडले, जीभ वर टाळूला गेली, श्वास बाहेर पडला. पण त्या श्वासाबरोबर काहीच आलं नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं. बाहेर आवारात कोणी तरी विहिरीवर रहाट ओढत होतं, तेवढाच आवाज.

"रामा."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. यमुनाबाई उभ्या राहिल्या होत्या. मांडीवरचा कापूस चटईवर सांडला होता आणि एक अर्धी वळलेली वात त्यांच्या बोटांत होती.

"तेवढंच अडलंय ना?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण जरासा घोगरा. "तेवढं मी म्हणते. पुढचं ती म्हणेल."

"आपण?"

"आई त्याची."

मिस कोतवालांनी गोदूबाईंकडे पाहिलं. "आईनं घेतलेला चालतो?"

"न चालायला काय झालं? आईला कोण अडवतंय?"

मथुरा सासूकडे बघतच राहिली. यमुनाबाई मात्र तिच्याकडे बघत नव्हत्या. बोटांतली वात त्या वळत होत्या, वळत होत्या. वात वळून वळून सुतळीसारखी ताठ झाली होती.

"वाच गो," त्या म्हणाल्या. "कुठं म्हणायचं तेवढं सांग."

"मी थांबले की म्हणा, आत्याबाई."

यमुनाबाई टेबलापाशी आल्या. खुर्ची पुढे केली ती त्यांनी नको म्हटली आणि टेबलाच्या कडेला एक हात लावून उभ्या राहिल्या. मथुरेने पुस्तक वर धरलं आणि गप्प राहिली.

"रामा," यमुनाबाई म्हणाल्या.

"इज मोअर टॉलर दॅन शिवा." मथुरेने वाचलं. "मोअर नको." ती पुन्हा थांबली.

"रामा."

"इज टॉलर दॅन शिवा."

मिस कोतवालांनी फुली खोडली. पुढच्या वाक्यात नाव मधे होतं. मथुरेने "नायदर" म्हटलं आणि ती थांबली. यमुनाबाईंनी नेमकं तिथे नाव ठेवलं. "नॉर हिज ब्रदर हॅव कम" म्हणून मथुरेने वाक्य पुरं केलं आणि लगेच 'हॅव'च्या जागी 'हॅज' बसवलं. मग दोघींना लय सापडली. देवळात एकीने पद म्हणावं आणि दुसरीने टाळ धरावा तसं झालं. मथुरा वाक्य उचलायची, थांबायची, यमुनाबाई नाव टाकायच्या, मथुरा पुढे धावायची, चूक पकडायची, वाक्य झाडून स्वच्छ करायची, पुन्हा थांबायची. यमुनाबाईंचा आवाज मोकळा होत चालला होता. मथुरा किंचित थांबली तरी त्या नाव टाकायच्या. एकदा तर गंगेच्या वाक्यात टाकलं.

"इथे नाही, आत्याबाई. इथे गंगा आहे."

"असूं दे. ती काय एकटीच जाईल?"

गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला. मिस कोतवालांची पेन्सिल आता वाक्यामागे पळत होती. पान उलटलं. मथुरेच्या कपाळावर घाम आला होता, कुंकू ओघळायला आलं होतं आणि ते पुसायला तिला सवड नव्हती. असं वेगाने, असं मोठ्याने, अशा मोकळ्या गळ्याने ती जन्मात बोलली नव्हती.

मग पानाच्या तळाशी ते वाक्य आलं. तिच्या डोळ्यांनी ते आधी पाहिलं. नावापुढे लिहिलं होतं: वॉज ड्राउन्ड इन द रिव्हर, बट हिज फ्रेंड सेव्ह्ड हिम.

मथुरा गप्प झाली. यमुनाबाईंना तीच तर खूण होती.

"रामा," त्या म्हणाल्या. इतका वेळ म्हणून म्हणून आता त्यांना त्यात गोडी वाटू लागली होती. शब्द त्यांनी जरा लांबवलाच. आणि पुढे सून काय म्हणते ते ऐकायला, तीर्थासाठी ओंजळ धरावी तशा, त्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं. मथुरेला कळत होतं.

ते नाव अजून खोलीत होतं. त्याच्यामागे तो शब्द लावायचा होता.

"वॉज," मथुरा म्हणाली. क्षणभर थांबली आणि एका दमात म्हणाली, "वॉज सेव्ह्ड बाय हिज फ्रेंड फ्रॉम ड्राउनिंग."

"नाही, नाही. आधी चुकीचा वाचायचा. मग बरोबर."

"ते नाही वाचणार, बाई."

ती हे इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की गोदूबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"का?"

"चूक तीच आहे." मथुरेने बोट त्या शब्दाखाली धरलं. "असं लिहिलं की माणूस गेला. मग मित्र त्याला काढणार कसा? तो बुडत होता, बुडाला नव्हता. जो काठावर आला त्याला मी आधी बुडवू कशाला?"

मिस कोतवालांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाची कड धरून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं, जिला यातलं काहीच कळलेलं नव्हतं आणि जी अजून पुढच्या खुणेची वाट बघत होती. त्यांनी हात पुढे करून पुस्तक मथुरेच्या हातातून घेतलं आणि मिटलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत, "एकच विचारते. जूनमध्ये सासूबाईंना रोज वर्गात आणणार?"

यमुनाबाईच म्हणाल्या, "मला कुठला मेला वेळ? माझ्या वाती व्हायच्यात. वर्गात पोरी असतील ना? ही थांबेल, पोरी म्हणतील. नायतरी मास्तर थांबल्यावरच कळतं, ऐकतंय कोण नि पेंगतंय कोण."

मिस कोतवाल पहिल्यांदा हसल्या. हसताना त्या अगदी वेगळ्या, कोणाच्या तरी धाकट्या बहिणीसारख्या दिसल्या. "हे मी लिहिणार," त्या म्हणाल्या, आणि गोदूबाईंना, "जूनमध्ये वर्ग उघडा."

शाळेच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरताना मथुरेला पळावंसं वाटत होतं. उन्हं वर आली होती. रस्त्याकडेच्या आंब्याला मोहोर इतका आला होता की पानं शोधावी लागत. तिला आप्पांना सांगायचं होतं, विहिरीवरच्या बायकांना सांगायचं होतं, वाटेत बसलेल्या मांजरालासुद्धा सांगायचं होतं. यमुनाबाई मात्र कापसाची पिशवी छातीशी धरून तुरुतुरु पुढे चालल्या होत्या. मथुरेने त्यांना गाठलं.

"आत्याबाई."

"काय गो?"

"तुम्ही ते नाव घेतलंत."

"घेतलं. तुझ्या मुख्य बाई म्हणाल्या ना, आईला कोण अडवतंय म्हणून?"

"त्यांना काय ठाऊक?"

शाळेतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. यमुनाबाईंच्या सासऱ्यांचं नाव रामचंद्र, म्हणून मुलगा रामचंद्र. आणि सासऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. ते गेल्यावर तर नाहीच नाही. मथुरा त्या घरात आल्यापासून आत्याबाईंच्या तोंडून तिने मुलाला 'भाऊ' याखेरीज हाक ऐकली नव्हती.

"बारशाला त्याच्या आत्येनं त्याच्या कानात सांगितलं," पिशवी सावरत यमुनाबाई म्हणाल्या. "मी पाळण्याच्या दोरीशी होते. मी नुसतं ऐकलं. मग तो रांगला, चालला, पडला, शाळेत गेला. हाक मारायची ती भाऊ. तापात बरळत होता तेव्हाही भाऊ."

"मग आज..."

"आज काय? तू अशी तोंड उघडून उभी. पाण्याबाहेर टाकलेल्या मासळीसारखी." त्या चालत राहिल्या. "चार वाती जास्त वळीन मी. मामंजी काही रागीट नव्हते."

मथुरा हसली आणि हसताना तिचे डोळे भरले. मग यमुनाबाईंनीच विचारलं, "काय काय करत होता गो तो, त्या वाक्यांत?"

"शिवापेक्षा उंच होता. शाळेत जात होता. मामाकडे आंबे खात होता."

"आणि तू अडलीस तिथं?"

मथुरेने पदर सारखा केला. "तिथं नदीवर गेला होता. मित्राबरोबर."

"पोहता येतं त्याला," यमुनाबाई म्हणाल्या.

शिमग्याच्या आधी आगबोट आली तेव्हा मांडवीच्या बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोट दूर खोल पाण्यात उभी होती आणि पडावांच्या होड्या भरभरून माणसं धक्क्याला लागत होती. ट्रंका, वळकट्या, पोरांसाठी घेतलेल्या पत्र्याच्या शिट्ट्या; हमालांची ओरड; ओळखीची माणसं दिसली की उठणारा कल्ला. यमुनाबाई एरवी बंदरावर येत नसत. या खेपेला त्या सकाळीच वाती उरकून, नवं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या, आणि मथुरेने काही विचारलं नव्हतं.

मथुरेला नवरा आधी दिसला. तिसऱ्या पडावातून उतरून, ट्रंक खांद्यावर घेऊन, तो गर्दीबरोबर भलतीकडे, गाड्यांच्या बाजूला लोटला जात होता. मथुरेने सासूचं कोपर दाबून बोट दाखवलं.

"भाऊ!" यमुनाबाईंनी हाक दिली.

चार-पाच भाऊंनी वळून पाहिलं. तो नाही. तो आणखी पुढे गेला. यमुनाबाईंनी दोन पावलं पुढे टाकली, पदर कमरेला खोचला, आणि त्या मऊ बोलणाऱ्या बाईने सगळ्या बंदराला ऐकू जावं असा आवाज काढला.

"रामा!"

तो थबकला. ट्रंक खांद्यावरून उतरवून त्याने मागे पाहिलं. पडावातल्या सोबत्यांकडे पाहिलं, होडीवाल्यांकडे पाहिलं, धक्क्यावर उभ्या असलेल्या एकेका पुरुषाकडे पाहिलं. त्याची नजर आईवर आली, तिला पाहून क्षणभर हसली, आणि हाक तिची असेल हे मनातही न येता, ती कोणाची ते शोधत तशीच पुढे सरकली.

मथुरेने त्याला खूण करायला हात वर घेतला होता. तो तिने खाली घेतला.

यमुनाबाईंनी श्वास भरून घेतला आणि पुन्हा हाक मारली.